मदत हवी: चंदगडला १०० च्या बॉण्डवर केलेलं मुखत्यारपत्र खानापूरच्या दाव्यात अडकलंय

नमस्कार मंडळी,

खानापूरच्या (जि. बेळगाव, कर्नाटक) दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा आहे, मी वादींतर्फे. थोरला भाऊ गावातच शेती करतो, बहीण चंदगड तालुक्यात दिलेली. तिने मे २०२४ मध्ये भावाला मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करून दिलं. कोर्ट, तहसीलदार कचेरी, पुढे जमलंच तर वाटणीपत्र, असं सगळं एकातच घातलंय. १०० रुपयांचा बॉण्ड आणि नोटरी. दावा त्याच जोरावर दाखल झाला, माझ्याकडे फाइल नंतर आली.

आता कागद पुरावा म्हणून मार्क करायला गेलो तर समोरच्या वकिलांची हरकत: आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ पासून साध्या मुखत्यारपत्राला १०० चे ५०० झालेत, सबब मुद्रांक अपुरा, कागद जप्त करा. न्यायाधीश साहेबांनी पुढची तारीख दिली आहे.

कागद झाला महाराष्ट्रात, मुद्रांकही तिथेच भरलेला. मग पुन्हा इकडचा दर का? भरायचाच तर किती? आणि ५०० चं नवं मुखत्यारपत्र करून जुनं गुपचूप मागे घेता येईल का? सीनियरांच्या ऑफिसात भिंतीवर दरांचा जो तक्ता आहे त्यात प्रतिज्ञापत्र अजून २० रुपयांचंच आहे (आता १००), त्यामुळे तिथे विचारून उपयोग नाही.

निपाणीकर

हरकत बरोबर आहे, वाईट वाटून घेऊ नका. कर्नाटक मुद्रांक कायदा १९५७, कलम १८ आणि १९ एकत्र वाचा. कागद राज्याबाहेर झाला पण त्यातली मिळकत किंवा काम इकडचं असलं, तर तो राज्यात आल्यावर इकडचा दर लागतो. बाहेर भरलेला मुद्रांक मात्र त्यातून वजा होतो. म्हणजे ५०० वजा १००, तूट ४०० रुपये. राज्यात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांत नेऊन भरला असता तर दंडाचा प्रश्नच नव्हता. ती मुदत तुमची केव्हाच गेली.

निपाणीत निम्मे पक्षकार कागल-कोल्हापूरकडचे, त्यामुळे आम्ही आता बाहेरचा कागद हातात आला की आधी मागची बाजू पाहतो, बॉण्ड कधी आणि कितीचा, मगच मजकूर.

सीमेपलीकडचा

महाराष्ट्राकडून एक भर. ऑक्टोबर २०२४ पासून आमच्याकडेही १०० चा बॉण्ड संपला, किमान ५०० लागतात. त्यामुळे आता केलेल्या साध्या मुखत्यारपत्रात फरक शून्य निघतो. घोटाळा १०० च्या बॉण्डवर झालेल्या अशा जुन्या कागदांचा. तुमचा नेमका त्यातला.

विक्रीचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र मात्र वेगळं. नात्याबाहेरच्या माणसाला तो दिला तर तुमच्याकडे बाजारभावावर खरेदीखतासारखाच मुद्रांक लागतो. भाऊ-बहीण त्यात येत नाहीत, म्हणून तुम्ही वाचलात.

जुना कोर्टपक्षी

गुपचूप मागे घेणं विसरा. कागद एकदा कोर्टापुढे आला की कलम ३३ खाली जप्त करणं साहेबांवर बंधनकारक आहे. तुम्हाला दोन वाटा आहेत.

पहिली, कलम ३४ खाली तिथेच भरणे. तूट ४०० आणि दहापट दंड ४०००, एकूण ४४००. या टप्प्यावर कोर्टाला दंड कमी करता येत नाही, गयावया करून फायदा नाही. दुसरी, कागद जिल्हा निबंधकांकडे पाठवा म्हणून अर्ज द्यायचा. कलम ३९ खाली दहापट ही त्यांची कमाल मर्यादा आहे, कमी लावण्याचा अधिकार त्यांना आहे. सीताराम शेट्टी विरुद्ध मोनप्पा शेट्टी हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल आपल्याच राज्याच्या कायद्यावर आहे, तो अर्जाला जोडा.

माझं विचाराल तर ४४०० साठी फाइल बेळगावला पाठवून दावा लटकवू नका. भरा आणि पुढे चला. ताबा दिलेलं संचकारपत्र (विक्रीचा करार) असतं आणि तूट लाखांत असती, तर मीच म्हणालो असतो निबंधकांकडे जा.

नवं मुखत्यारपत्र तरीही करून घ्या, आधीच्या सगळ्या कृतींना मान्यता दिल्याचं कलम घालून. आणि बहिणीच्या वतीने भाऊ सगळीच साक्ष देईल या भ्रमात राहू नका. जानकी भोजवानी (२००५) हा निकाल बघा, तिला स्वतःला माहीत असलेल्या गोष्टी मुखत्याराच्या तोंडून येत नाहीत. तिला साक्षीच्या पिंजऱ्यात यावंच लागेल.

खानापूरचा (धागाकर्ता)

मनापासून आभार. बहीण बेळगावला बाजाराला येतेच, तेव्हा नवा कागद इकडच्याच ई-स्टॅम्पवर करून नोटरी केला तर चालेल ना? फरकाची भानगडच नको.

सीमेपलीकडचा

कोर्टापुरतं चालेल. पण तडजोड होऊन वाटणीपत्र नोंदवायचं ठरलं आणि ते बहिणीतर्फे भावाने सब-रजिस्ट्रारपुढे हजर करायचं असेल, तर नोंदणी कायद्याचं कलम ३३ आडवं येतं. तिथे नोटरी पुरत नाही. ती राहते त्या हद्दीतल्या निबंधकासमोर, म्हणजे चंदगडलाच, मुखत्यारपत्र प्रमाणित करावं लागतं. मुखत्याराने स्वतः सही केलेला दस्त असेल तर हे लागत नाही असं रजनी टंडन (२००९) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो, पण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. त्यावर विसंबू नका. चंदगडला एक चक्कर मारा.

खानापूरचा (धागाकर्ता)

मग चंदगडलाच करतो, ५०० च्या बॉण्डवर, निबंधकासमोर. जुन्याचे ४४०० पुढच्या तारखेला भरतो, पक्षकार तयार आहे. कोर्टात भरलेल्या दंडापैकी काही भाग कलम ३८ खाली परत मागता येतो असं आता वाचलं. बेळगावात असा अर्ज कोणी दिलाय का? सोबत काय काय जोडलं होतं?