मदत हवी आहे: एसी चालू, हवा मात्र गरम
राजेहो, पारा ४५ च्या घरात आणि माझ्या गाडीचा एसी भट्टीसारखी हवा फेकतोय. गाडी २०१६ ची, ऑटो क्लायमेटवाली, म्हणजे आतलं तापमान आपोआप सांभाळणारी. गॅस बरोबर आहे, कॉम्प्रेसर लागतो, बॉनेटखालची जाड नळी हाताला गारेगार, खाली पाणीही ठिबकतं. तरी आत गरम! तापमानाचं बटण फिरवलं की ग्लोव्ह बॉक्समागे दहा-बारा सेकंद टक-टक-टक वाजतं. मला वाटतं, हीटरचा फ्लॅप (गरम-गार हवेचं प्रमाण ठरवणारी झडप) फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटलेत. नागपुरातल्या वर्धा रोडवरचा मेकॅनिक मात्र कूलिंग कॉइल (हवा गार करणारा भाग) बदला म्हणतो, म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवणं आलं. गार नळी बघूनही, म्हणजे गारवा तयार होतोय हे दिसत असूनही! डॅशबोर्ड न उतरवता ही मोटर कोणी बदलली आहे का? सदर-सीताबर्डीकडे भरवशाचा ऑटो इलेक्ट्रिशियन असेल तर सांगा.