मदत हवी आहे : वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनासाठी विद्यापीठाला देणगी

आम्हा माजी विद्यार्थ्यांना आमच्या राज्य विद्यापीठात, स्वस्त वैद्यकीय उपकरणे घडवणाऱ्या विद्यार्थ्यांना चाचण्यांच्या खर्चासाठी मदत मिळावी म्हणून, कायम निधी उभारायचा आहे. मुद्दल न मोडता केवळ व्याज वापरावे, एवढीच अट आहे. परदेशस्थ भारतीय नागरिकांनी वैयक्तिक बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय अंशदान (कायद्याचे नियंत्रण असलेली परदेशी देणगी) ठरत नाही, परंतु ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या, मित्रांची ठरते, हे सनदी लेखापालांनी सांगितले. विद्यापीठाच्या वित्त विभागाला दोनदा पत्र पाठवले, तर उत्तरादाखल फक्त खाते क्रमांक आला. कायद्याने स्थापन झालेल्या आणि ज्यांचे लेखापरीक्षण नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडून सक्तीने होते अशा संस्थांना २०१० च्या परकीय अंशदान कायद्यातून असलेली सूट राज्य विद्यापीठाला लागू झाल्याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का, आणि व्याजाची अट करारात कोणत्या शब्दांत घालावी?