उत्तर: उतारावरचा रूळ आणि घर्षण

खानापूरच्या मित्राने विचारलंय, उतारावरून न घसरता घरंगळणाऱ्या भरीव रुळाचं त्वरण माझ्या गणितात २.३६ मी./से.² का येतं, पुस्तकात तर ३.२७ आहे. अरे, तू घर्षण थेट म्यू-एन (घर्षण गुणांक म्यू × उताराची लंब प्रतिक्रिया एन) धरलंस. ती फक्त कमाल मर्यादा. रूळ घसरत नसेल तर घर्षण समीकरणांतूनच काढायचं.

तुझंच गणित घे: १० किलो, ३०° उतार, म्यू ०.३. उताराच्या दिशेने एमजी साइन थीटा − एफ = एमए (एम वस्तुमान, थीटा उताराचा कोन, एफ घर्षण, ए त्वरण). मध्याभोवती एफ × आर = ½ एमआर² × अल्फा (आर त्रिज्या, ½ एमआर² भरीव रुळाचं जडत्व आघूर्ण, अल्फा कोनीय त्वरण). न घसरण्याची अट ए = आर × अल्फा, म्हणून एफ = ½ एमए. त्वरण ३.२७ मी./से.², घर्षण १६.४ न्यूटन. आता मर्यादा तपास: म्यू-एन = २५.५ न्यूटन, १६.४ पेक्षा जास्त, म्हणजे घसरणार नाही. ही तपासणीच बहुतेक जण गाळतात, आणि मार्क तिथेच जातात. म्यू ०.१९२ पेक्षा कमी असता तर मात्र ए = आर × अल्फा सोडायचं, मग घर्षण म्यू-एन धरायचं.

बेळगावात मराठी माध्यमातून आलेल्या पोरांनो, प्रश्न इंग्रजीत असला तरी आधी फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) काढाच. रूळ उजवीकडे उतरत असेल तर घड्याळाच्या काट्यांची दिशा धन धरा, नाहीतर अल्फाचं चिन्ह उलटतं.