पिल्लू काही खातच नाही, नुसतं हुंगून निघून जातं, काय करू?

कृष्णाकाठची (वाई)
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पॉमचं (पॉमेरेनियन कुत्र्याचं) पिल्लू आणलंय, मादी आहे, नाव चिमणी, आता तीन महिन्यांची होईल, वजन दोन किलोच्या आसपास. आणली तेव्हा ते लोक तिला सेरेलॅक आणि दूध-पोळी कुस्करून देत होते. डॉक्टर म्हणाले आता पपीचं ड्राय फूड चालू करा, तर ते ती नीट तोंडालाच लावत नाही. वाटीजवळ जाते, हुंगते, एखादा दाणा तोंडात धरून हॉलमधल्या गालिच्यावर नेऊन ठेवते, त्याच्याशी जरा खेळते, कधी खाते कधी तसाच टाकून निघून जाते. चिकन-भात दिला तर चिकनचे तुकडे बरोब्बर वेचून काढते आणि भात तसाच. पनीर दोन दिवस आवडलं आणि मग पनीरकडे बघेना. सासूबाईंना वाटतं पिल्लू उपाशी राहतंय म्हणून त्या मधेमधे दूध-बिस्किट देतात, ते मात्र चटाचटा संपवते. खेळणं भरपूर आहे, उड्या मारते, पडद्याला लोंबकळते, शी कधी ठीक कधी पातळ. जंताचं औषध झालंय, लसीचा दुसरा डोस पुढच्या आठवड्यात. एवढासा जीव, त्यात वाढीचं वय, रात्री उठून उठून बघते मी तिच्या वाटीत काही कमी झालंय का. फूडचा ब्रँड बदलू का? हाताने भरवू का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

बोरिवली_बीगल
दाणे कोरडे देऊ नका, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून द्या. कोमट पाण्याने वास सुटतो आणि पिल्लं डोळ्यांपेक्षा नाकाने खातात. पाणी कडकडीत नको. आणि भिजवलेलं उरलं तर टाकून द्या, आपल्या हवेत लगेच आंबतं.

पशुवैद्य_चिपळूण
ताई, आधी घाबरायचं कधी ते सांगतो, नखऱ्यांचं नंतर बघू. या वयाचं पिल्लू एका वेळचं जेवण सोडून मजेत खेळत असेल तर ठीक आहे. पण खाणं सोडलंय आणि सोबत उलट्या, रक्ताची किंवा घाणेरड्या वासाची पातळ शी, ताप, कोपऱ्यात जाऊन पडून राहणं यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उद्या बघू म्हणायचं नाही. पार्वो (पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार) बऱ्याचदा असाच सुरू होतो, आणि लसीचे डोस साधारण १६ आठवड्यांच्या वयापर्यंत चालतात, ते पूर्ण होईपर्यंत धोका असतोच. दुसरी गोष्ट, छोट्या जातीच्या पिल्लांची रक्तातली साखर पटकन उतरते. बराच वेळ पोटात काही नाही आणि ती लडखडायला लागली, थरथरली, एकदम मलूल झाली तर हिरड्यांना थोडा मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि तशीच उचलून दवाखान्यात न्या. म्हणून ‘उपाशी ठेवा, भूक लागली की खाईल मुकाट्याने’ हे जे लोक सांगतात ते मोठ्या धडधाकट कुत्र्याला एक वेळ चालेल, दोन किलोच्या पिल्लाला अजिबात नाही.

आता तुमच्या चिमणीचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला ती आजारी वाटत नाही, तिचं पोट भरलेलं वाटतंय. हिशोब करा ना, एवढ्या पिल्लाला दिवसाला ढोबळमानाने २५० ते ३०० कॅलरी लागतात. म्हशीचं दूध अर्धा कप म्हणजे जवळपास १०० कॅलरी, एक ग्लुकोज बिस्किट २० ते २५. दोनदा अर्धा-अर्धा कप दूध आणि चार बिस्किटं गेली की तिचा दिवसाचा कोटा झाला, मग वाटीतले दाणे ती कशाला खाईल? आणि पोट भरलं म्हणजे पोषण झालं असं नाही, बिस्किटात साखर, मैदा, तेल, वाढीला लागणारं प्रोटीन नावालाच. अधूनमधून शी पातळ होते तीसुद्धा बहुधा दुधामुळेच, आईचं दूध तुटलं की पिल्लांना दुधातली साखर पचवणं जड जायला लागतं. तरी लसीच्या दिवशी शीचा थोडा नमुना डबीत घालून घेऊन जा, जंत राहिलेत का ते कळेल. या वयात जंताचं औषध एकदा देऊन भागत नाही, तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा द्यावं लागतं.

करायचं असं. ब्रँड बदलत बसू नका, दर दोन दिवसांनी वाटीत नवीन काहीतरी येतंय हे तिला कळलंय म्हणून ती पुढच्याची वाट बघते. दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी. पाकिटावरच्या तक्त्यात वजन आणि वय बघून दिवसाचे दाणे सकाळीच वजनकाट्यावर मोजून एका डब्यात काढा, त्याचेच चार भाग. कोमट पाण्यात भिजवा, त्यात चमचाभर उकडलेलं चिकन इतकं बारीक कुस्करा की तिला वेचता येऊ नये, आणि हे चिकन आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करत न्या. वाटी पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, खाल्लं तर खाल्लं, नाहीतर शांतपणे उचलायची, पुढच्या वेळेपर्यंत मधे काही नाही. ती खात असताना घरातल्या सगळ्यांनी भोवती कोंडाळं करून ‘खा गं बाळा’ करू नका, त्याने पिल्लू बिचकतं तरी किंवा त्याला तो खेळ तरी वाटतो. लागोपाठ दोन जेवणं पूर्ण टाकली तर मात्र फोन करा डॉक्टरांना.

आणि एक विचारायचं राहिलं, फूड सुट्टं आणता का? पोत्यातून किलोवर मिळतं ते. आमच्याकडे पावसाळ्यात असं सुट्टं आणलेलं फूड घेऊन लोक येतात, हातात घेतलं की बोटांना तेल लागतं आणि खवट वास येतो. आपल्याला वास येतो तर त्यांच्या नाकाचं काय. खवट झालेलं, बुरशी धरलेलं फूड पिल्लू नाकारत असेल तर ते बरोबर करतंय. छोटं सीलबंद पाकीट घ्या, त्यावर ‘पपी’ आणि ‘स्मॉल ब्रीड’ लिहिलेलं, दाणा बारीक असतो त्यांचा.

रानवाटा
दाणा गालिच्यावर नेते म्हणालात त्यावरून सांगतो, वाटी स्टीलची आणि खोल आहे का? आमच्या गावठी पिल्लाच्या गळ्यातला बिल्ला वाटीला लागून खणखण वाजायचा आणि ते दचकून मागे व्हायचं. चपटी ताटली घेतली, खाली जुनं पायपुसणं टाकलं म्हणजे सरकत नाही, आणि जागा बदलून स्वयंपाकघराच्या वर्दळीतून कोपऱ्यात नेली. खर्च काहीच नाही, करून बघा.

कृष्णाकाठची (वाई)
सगळ्यांना मनापासून थँक्यू. डॉक्टर, तुमचं वाचून आज घरात सगळ्यांना विचारलं कोण काय देतं. सासूबाई सकाळ-संध्याकाळ दूध-बिस्किट, मुलगा शाळेतून आला की चीज, मिस्टर जेवताना पोळीचा तुकडा आणि समोरच्या काकू गेटमधून टोस्ट. फूड सुट्टंच आहे आणि वाटी स्टीलची आहे, दोन्ही आज बदलते. पण सासूबाईंना कसं सांगू? त्यांचा फार जीव आहे तिच्यावर आणि चिमणी दिवसभर त्यांच्याच पायात असते, देऊ नका म्हटलं तर वाईट वाटेल त्यांना. आणि पुढे कधी पूर्ण घरचं जेवण द्यायचं ठरवलं तर चालतं का, चिकन-भात वगैरे?

सीताबर्डी_स्पिट्झ
ताई, आमच्या घरीही आजी आहेत, मी सांगते कसं जमलं. आजींना बंद करा म्हणायचंच नाही, त्यांनाच काम द्यायचं. दिवसाचे मोजलेले दाणे असतात ना, त्यातलेच मूठभर एका छोट्या डबीत काढून डबी आजींच्या हातात द्यायची आणि सांगायचं हे तुम्ही भरवायचं, तुमच्या हातचंच खाते ती. आमच्या आजी देवपूजा झाली की डबी घेऊन बसतात, एकेक दाणा देतात, ‘बस’ म्हटल्यावर बसायलाही त्यांनीच शिकवलं. तेच दाणे जे वाटीत पडून राहायचे ते आजींच्या हातून कसे पटापट खाते बघा. काकूंनाही तसंच, त्यांच्याकडे एक पुडी देऊन ठेवा.

घरच्या जेवणाचं म्हणाल तर कांदा-लसूण घातलेलं काहीही देऊ नका, रस्सा नाही, वरणसुद्धा फोडणी घालायच्या आधी वेगळं काढलेलंच, कांद्याने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही, मुलाला नीट समजावून सांगा, आणि शिजवलेली हाडं तर नाहीच नाही, ती फुटून टोकदार होतात. आणि आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी कोणतंच कुत्रं धड खात नाही, तेव्हा सकाळी लवकर आणि रात्री उशिरा जास्त द्यायचं.

पशुवैद्य_चिपळूण
आजींची डबी फार चांगली कल्पना आहे, मी पण सांगत जाईन लोकांना.

घरचं जेवण चालतं पण नुसतं चिकन-भात वाढत्या पिल्लाला पुरत नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं, शरीर मग ते हाडांतून ओढून घेतं आणि हाडं मऊ पडतात, पाय वाकलेली, चालताना कळवळणारी पिल्लं मी बघितलीत या एका कारणाने. उलट मेडिकलमधून कॅल्शियमचं सिरप आणून अंदाजाने पाजणंही नको, पपी फूड खाणाऱ्या पिल्लाला ते वरून लागत नाही. घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मापं लिहून घ्या, वाईहून शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज जवळ आहे तुम्हाला, तिथे विचारू शकता. तोवर पपी फूड मुख्य आणि वरून चमचाभर चिकन, उकडलेलं अंडं किंवा लाल भोपळा, वरचं सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत.

दर रविवारी वजन करा. तिला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजा करायचं यात एवढ्या छोट्या पिल्लाचं वजन नीट कळत नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर त्यावर टोपली ठेवून करा आणि कॅलेंडरवर लिहा. आकडा दर आठवड्याला थोडा थोडा वर जात असेल तर वाटीत चार दाणे उरले म्हणून रात्री उठून बघायची गरज नाही. लसीचा डोस दिल्यावर एखादा दिवस सुस्त राहील, कमी खाईल, ते चालतं. आणि चार महिन्यांच्या आसपास दुधाचे दात पडायला लागतील, तेव्हा हिरड्या दुखतात म्हणून परत खायला कुरकुर करेल, त्या दिवसांत दाणे जास्त वेळ भिजवून मऊ करून द्या. पुढच्या आठवड्यात वजन किती भरलं ते इथे कळवा.