रीफ टँकमध्ये (कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये) न लावलेलं कोरल पसरतंय, ओळखून उपाय सांगा

त्रिमूर्तीनगर_रीफ: टँक ३ फूट × १८ इंच × १८ इंच, साधारण १९० लिटर. ग्रॅव्हिटी (पाण्याच्या खारेपणाचं माप) १.०२५, तापमान २६, नायट्रेट २५, फॉस्फेट ०.२. मधल्या दगडाच्या मागून पांढुरकी, मऊ खोडं वर आलीत. टोकाला फिकट तपकिरी बोटांचे झुपके. लाइट लागली की झुपके मुठीसारखे मिटतात-उघडतात. आता एक फांदी झोआच्या (बटणासारख्या छोट्या कोरलच्या) प्लगवर, म्हणजे ते चिकटवलेल्या चकतीवर, चढलीय आणि तिच्याखालचे झोआ उघडत नाहीत. हे काय आहे, कसं काढू? बजेट २००० रुपये, एवढंच. मोठं यंत्र सुचवू नका, प्लीज.

मानेवाडा_मरीन: आयप्टेशिया (टँकमध्ये तणासारखं पसरणारं समुद्रफूल) आहे, शंभर टक्के. पेपरमिंट झिंगे ३-४ सोडा. माझ्याकडे त्यांनीच साफ केलं.

धरमपेठ_४००लिटर: ताई, आधी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या. मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, टँक ३२ ला गेला तर कोरल ओळखत बसायची वेळच येणार नाही. अर्ध्या एचपीचा घ्या, छोट्यात पैसे घालू नका.

लोणी_मीठ: बजेट २००० आहे ना भाऊ. सम्पवर (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीवर) दोन पंखे लावा, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी २-४ डिग्री उतरतं. फक्त उडालेलं पाणी आरओनेच भरा, खारं पाणी टाकलं तर ग्रॅव्हिटी चढत जाते.

धरमपेठ_४००लिटर: आणि जुलैत? हवा दमट झाली की पंखा नुसता फिरत राहतो.

सक्करदरा_सॉल्ट: आयप्टेशियाच वाटतो. झिंग्याची गरज नाही, पानठेल्यावरचा चुना घट्ट कालवून सिरिंजने तोंडात सोडायचा. कॅल्शियम हायड्रॉक्साइडच तो.

प्रतापनगर_पॉलिप: थांबा, आधी ओळख पटू द्या. एका झुपक्याची बोटं मोजा. आयप्टेशियाला पुष्कळ, गुळगुळीत, टोकदार बोटं असतात आणि हात लागताच तो पूर्ण भोकात शिरतो. सॉफ्ट कोरलच्या पॉलिपला, म्हणजे अशा एका झुपक्याला, बरोबर ८ असतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही कडांना पिसासारखी झालर. मोबाइलचा झूम लावून पाहा.
चुन्याबद्दल: ठेल्यावरचा चुना कशात भिजवलाय, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. रीफसाठी मिळणारं कॅल्कवॉसर (शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड) घ्या. दह्याइतकं घट्ट, १८ गेजची सुई (इन्सुलिनची लगेच तुंबते), वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) १५ मिनिटं बंद, एका वेळी ३-४ पॉलिप, नाहीतर पीएच उसळतो. पण हे सगळं आयप्टेशियासाठी.

मानेवाडा_मरीन: झिंगे घेताना कॅमल श्रिंप गळ्यात मारतात, ते पाहून घ्या. त्याच्या अंगावर पांढरे पट्टे-ठिपके आणि पाठीला कुबड असतं, आणि तो झोआच खातो.

त्रिमूर्तीनगर_रीफ: मोजली. ८ आहेत, झालर स्पष्ट दिसते. हात लावला तर आक्रसतं, पण भोकात जात नाही.

प्रतापनगर_पॉलिप: मग हा पल्सिंग झेनिया. उघडझाप हीच त्याची मोठी खूण. पेपरमिंट याला खात नाही. चुनाही सोडू नका: वरचं मरतं, दगडाला चिकटलेला पाया जगतो आणि तिथूनच फुटतो. २५ नायट्रेटमध्ये तो मजेत वाढणार.
दगड बाहेर काढता येत असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवून ब्लेड पायाखालून सपाट सरकवा, साल निघाल्यासारखं अख्खं सुटतं. राहिलेला पातळ थर वाटाण्याएवढा असला तरी पुन्हा वाढतो, तो खरवडाच. दगड निघत नसेल तर कापतानाच शेजारी १२ मिमी नळीने सायफन चालू ठेवा, तुकडे दुसरीकडे रुजतात. नंतर ताजा कार्बन (पाणी साफ करणारा कोळसा) लावा.
नायट्रेट एकदम पाडू नका, झोआही मिटतील. आठवड्याला २० लिटर पाणी बदला, त्याला साधारण ७०० ते ७५० ग्रॅम मीठ लागेल.

लोणी_मीठ: माझंही तेच म्हणणं, काढून टाका. पण झोआपासून जपा. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. ग्लोव्ह्ज, गॉगल, ब्रश नाही, आणि दगड उकळणं तर कधीच नाही: वाफेतून ते श्वासात जातं आणि घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात न्यावं लागतं.

सक्करदरा_सॉल्ट: चुन्याने जळतं, मी सांगतो.

धरमपेठ_४००लिटर: झेनिया असो की आयप्टेशिया, चिलर लागणारच. अन् जागा मोकळी झाली म्हणून कुणी हार्ड कोरल किंवा सी फॅन विकायला आला तर घेऊ नका. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत दोन्ही.

त्रिमूर्तीनगर_रीफ: सगळ्यांचं वाचलं, आभार. झेनिया ठेवतेय. मागच्या दगडावर तो छान दिसतो, आणि पुढे जड जाईल हे मान्य आहे. प्लगवर चढलेली फांदी तेवढी कापते आणि झोआचा प्लग उचकटून उजव्या कोपऱ्यात वेगळ्या दगडावर लावते. जेल सुपरग्लू, ग्लोव्ह्ज, कार्बन, एवढाच खर्च.

प्रतापनगर_पॉलिप: चालेल. दोन दगडांमध्ये किमान १० सेंमी उघडी वाळू ठेवा, झेनिया दगडावरून सरकतो, वाळूवरून सहसा नाही. मागच्या काचेला टेकू देऊ नका, काचेवर चढला की दगडाचं अंतर कामाचं नाही. कापलेली फांदी कुणाला द्यायची असेल तर ग्लू धरणार नाही, फार बुळबुळीत असतो. बारीक खडे घातलेल्या डब्यात, कमी प्रवाहात, वरून जाळी बांधून ठेवा, काही दिवसांत आपोआप धरतो.

मानेवाडा_मरीन: मला द्या ती फांदी. रविवारी येऊ का?