स्वमग्नतेवरचा कोणता चित्रपट नातेवाइकांना दाखवावा?

कृष्णाकाठ:
माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो स्वमग्न (ऑटिस्टिक) असून चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नाही. येत्या २ एप्रिलला, म्हणजे जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनी, आमच्या सोसायटीच्या सभागृहात या विषयावरचा एखादा चित्रपट दाखवायचे ठरले आहे आणि निवड माझ्यावर सोपवली आहे. जबाबदारी मोठी वाटते, कारण चुकीच्या चित्रपटाचे परिणाम आमच्या घरी नुकतेच अनुभवले आहेत. ‘रेन मॅन’मधील स्वमग्न रेमंड सांडलेल्या काड्या क्षणात मोजतो; तो चित्रपट पाहून आलेल्या माझ्या चुलतसासऱ्यांनी दिवाळीत काड्यापेटी फरशीवर रिकामी केली आणि मुलाला विचारले, “सांग बघू, किती काड्या आहेत?” त्यांच्या मनात माया होती, याबद्दल मला शंका नाही. मुलाने मात्र एकेक काडी उचलून दोन फरशांच्या सांध्यावर सरळ रेषेत मांडायला सुरुवात केली आणि त्यात तो अगदी रंगून गेला. थोड्या वेळाने काकांनी मला बाजूला घेऊन विचारले, “मग याच्यात विशेष असे काय आहे?” तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. काही विशेष दाखवल्याशिवाय माझे मूल लोकांना आपले वाटेल, असा चित्रपट किंवा माहितीपट आपल्या माहितीत आहे का? प्रेक्षकांत वडीलधारी मंडळी बरीच असतील आणि इंग्रजी अक्षरे वाचत चित्रपट पाहणे त्यांना जमणार नाही, हेही लक्षात घ्यावे.

रानवाट:
ताई, मी अठरा वर्षे विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे आणि काकांनी विचारलेला प्रश्न मी जवळजवळ प्रत्येक पालकाच्या तोंडून ऐकला आहे. ‘रेन मॅन’ १९८८ साली आला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले आणि ज्यांनी स्वमग्नता हा शब्दही ऐकला नव्हता अशा असंख्य लोकांपर्यंत तो पोचला, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु रेमंडची अफाट स्मरणशक्ती ज्या किम पीक यांच्यावरून सुचली, त्यांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा पट्टा जन्मतःच नव्हता, आणि त्यांना स्वमग्नता नसावी असे पुढे तज्ज्ञांचे मत झाले. एका माणसाची दुर्मीळ देणगी अशा रीतीने एका संपूर्ण समूहाच्या नावावर चढली आणि तिचे ओझे आज आपली मुले वाहत आहेत. त्याच चित्रपटात धुराचा भोंगा वाजू लागल्यावर रेमंड सैरभैर होतो, तो प्रसंग मला काड्या मोजण्याच्या प्रसंगापेक्षा कितीतरी खरा वाटतो. पण लोकांच्या लक्षात राहतात त्या काड्याच.

हिंदीत २०१० चा ‘माय नेम इज खान’ आणि २०१२ चा ‘बर्फी!’ सर्वांनी पाहिलेले आहेत. पहिल्यातील रिझवानला पिवळ्या रंगाची आणि कर्कश आवाजाची वाटणारी भीती किंवा दुसऱ्यातील झिलमिलची हात धरून ठेवण्याची पद्धत यांमागे अभ्यास दिसतो. तरीही दोघांचा निरागसपणा कथेच्या इतका उपयोगी पडतो की त्यांना राग, कंटाळा, हट्ट यांसाठी फारशी जागाच उरत नाही.

माझी निवड ‘द रीझन आय जंप’ ही आहे. नाओकी हिगाशिदा या जपानी मुलाने तेराव्या वर्षी लिहिलेल्या पुस्तकावर बेतलेला हा माहितीपट २०२० साली जेरी रॉथवेल यांनी केला. त्यात नोएडाची चित्रकार अमृत आहे, इंग्लंडचा जॉस आहे, सिएरा लिओनची जेस्टिना आहे. कॅमेरा पंख्याच्या पात्यांवर, प्रकाशाच्या तिरिपेवर आणि पाण्याच्या थेंबांवर इतका वेळ रेंगाळतो की आधी तपशील आणि मग संपूर्ण वस्तू दिसणे म्हणजे काय, याची आपल्याला प्रचीती येते. एक सावधगिरीची सूचना मात्र करते. त्यातील अमेरिकेच्या भागात मुले अक्षरफलकावरील एकेका अक्षराकडे बोट दाखवून व्यक्त होताना दिसतात. फलक दुसऱ्या व्यक्तीने धरायचा या पद्धतीत शब्द नेमके कोणाचे, असा गंभीर आक्षेप आहे आणि अमेरिकेतील वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली तिच्याविरुद्ध भूमिका घेतली आहे. हे न सांगता तो भाग दाखवला, तर एखादे घर खोट्या आशेवर पैसे आणि वर्षे घालवील. ते मी पाहिलेले आहे.

धुके_ओसरताना:
माझे निदान एकतिसाव्या वर्षी झाले, त्यामुळे मी या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. ‘स्वमग्न’ हा शब्द रूढ झाला आहे आणि मीही तो वापरतो, परंतु त्यातून आम्ही स्वतःतच बुडालेलो असतो असे चित्र उभे राहते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. बाहेरचे जग इतके जास्त आत येते की त्याला दार लावणे जमत नाही. वरच्या मजल्यावरचा मिक्सर, ट्यूबलाइटची गुणगुण, शेजाऱ्याच्या शर्टावरचा परफ्यूम हे सगळे एकाच वेळी आणि एकाच ताकदीने येते.

म्हणून मला याच नावाच्या स्वमग्न अमेरिकी शास्त्रज्ञ स्त्रीवरचा २०१० चा ‘टेंपल ग्रँडिन’ जवळचा वाटतो. त्यात नुसता ‘बूट’ हा शब्द ऐकला तरी टेंपलच्या डोळ्यांपुढून आजवर पाहिलेले बूट झरझर सरकतात. गुरांना लस देताना ज्या सापळ्यात घट्ट धरतात, त्यात ती शांत होतात हे मावशीच्या गोठ्यावर पाहून ती स्वतःसाठी तसेच दाबयंत्र बनवते. लोकांना ते विकृत वाटते, पण तिला त्यामुळे श्वास घेता येतो. या कथेत टेंपल हुशार आहे, परंतु तिच्या हुशारीआधी आपल्याला तिची अस्वस्थता समजते, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या प्रेक्षकांसाठी मात्र पिक्सारचा २०२० चा ‘लूप’ हा ॲनिमेशन लघुपट सुचवेन. तो दहा मिनिटांच्या आत संपतो आणि त्यातली रेने बोलतच नाही, त्यामुळे भाषेची अडचण फारशी येणार नाही. तिचा आवाज एका न बोलणाऱ्या स्वमग्न मुलीकडूनच घेतलेला आहे. होडीत बरोबर असलेला मार्कस आधी बडबड करतो. पुढे रेने बिथरून होडीखाली लपते तेव्हा तो तिला ओढून बाहेर काढत नाही, तर तिला आवडणारे लव्हाळे जवळ ठेवून वाट पाहत बसतो. सोसायटीतल्या मुलांना यापेक्षा उपयोगी काही दाखवता येईल असे मला वाटत नाही.

आणखी एक विनंती आहे. आपला मुलगा त्या सभागृहात असणार आहे का? असल्यास आवाज नेहमीच्या निम्मा ठेवावा, दिवे पूर्ण मालवू नयेत, दार उघडे असावे आणि मध्येच उठणाऱ्याला कोणी “श्श” करू नये. आमच्यावरचा चित्रपट आम्हालाच बसून पाहता येत नाही, असे मी दोनदा अनुभवले आहे.

पाऊलवाट_७२:
एक छोटी भर घालतो. आपल्याकडे ‘चौकट राजा’ किंवा २०१४ चा ‘यलो’ यांची नावे या विषयात हमखास घेतली जातात. दोन्ही माझे आवडते आहेत, परंतु पहिल्यातील नंदूचे अपंगत्व बौद्धिक आहे आणि दुसऱ्यातील गौरीला डाउन सिंड्रोम आहे. कार्यक्रमात त्यांचा उल्लेख झालाच, तर हा फरक आवर्जून सांगावा. ‘यलो’ची खरी थोरवी ही की जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःची भूमिका स्वतः केली. २०२५ च्या ‘सितारे जमीन पर’मध्येही बास्केटबॉल संघातील दहा खेळाडूंच्या भूमिका न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची जडणघडण वेगळी असलेल्या, कलाकारांनीच केल्या आहेत. त्यांचे एकमेकांशी चाललेले बोलणे पाहा. ते अभिनयशाळेत शिकवता येत नाही.

कृष्णाकाठ:
आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. खरे सांगायचे तर मुलाला त्या संध्याकाळी आजीकडे ठेवायचे, असे मी कोणालाही न विचारता ठरवून टाकले होते. तो प्रश्न वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आता आधी ‘लूप’ आणि नंतर ‘द रीझन आय जंप’मधील जॉस आणि अमृत यांचे भाग, एवढेच दाखवीन आणि मध्ये मराठीतून चार वाक्ये मीच सांगेन. अक्षरफलकाचा भाग वगळीन. सचिवांशी बोलून मागच्या दोन ट्यूब चालू ठेवण्याचे आणि दार उघडे ठेवण्याचे नक्की केले आहे. दाराजवळची खुर्ची मुलाची असेल आणि त्याच्या हातात त्याचे आवडते पातेल्याचे झाकण असेल. ते फिरवताना थोडा आवाज होतो, हे मी सुरुवातीलाच सर्वांना सांगणार आहे. काकांनाही बोलावले आहे. त्यांची खुर्ची त्याच्या शेजारी ठेवली आहे.