मोकळं वाटलं ते तिसऱ्या दिवशी

एकटीने प्रवासाला निघालं की पहिल्या दिवसापासूनच मोकळं वाटतं असं म्हणतात, ते मला नाही पटत. मी पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा पहिली संध्याकाळ दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासण्यात आणि आता कुणाला फोन लावू या विचारातच गेली. मोकळं वाटलं ते तिसऱ्या दिवशी, एका फाट्यावर. डावीकडे सगळे जातात तो पॉइंट, उजवीकडे नुसता नदीकाठ. सवयीने मागे वळले, कुठे जायचं ते विचारायला, आणि मागे कुणीच नव्हतं! इतकी वर्षं 'मला काहीही चालेल' म्हणत आले आणि आपल्याला नक्की काय आवडतं हे कधी बघितलंच नव्हतं, हे तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं. नदीवर गेले, पाण्यात पाय सोडून दोन तास दगडावर बसले, एकही फोटो काढला नाही.

आणि एक कामाची गोष्ट. फोनच्या जीपीएसला इंटरनेट लागत नाही, सिग्नल थेट उपग्रहांकडून येतो. त्या भागाचा मॅप आधीच डाउनलोड करून ठेवला तर रेंज गेली तरी आपण कुठे आहोत ते दिसतं. मी तो उजवीकडचा रस्ता धरू शकले ते याच्याच जिवावर, चुकायची भीती डोक्यात असती तर गुपचूप गर्दीच्या मागे गेले असते. फक्त बॅटरी सांभाळा, पॉवर बँक बॅगेत तळाशी नको, वरच्या कप्प्यात ठेवा.